अठरा इंची पट्टी

शिरसाचं झाड पडलं तेव्हा वामनराव गावंडे न्हाणीघरात उकिडवे बसून नव्या कमोडची उंची मोजत होते. डॉक्टरांनी वीस इंच सांगितली होती आणि गवंड्याने साडेएकोणीस बसवली होती. अर्ध्या इंचाचा हा अन्याय कोणापुढे मांडावा याचा ते विचार करत होते, तेवढ्यात अवकाळीचा वारा सुटला, पत्रे वाजले आणि बाहेर असा आवाज झाला की वामनरावांना वाटलं, गवंड्याचंच आणखी एखादं काम कोसळलं.

बाहेर येऊन पाहतात तर गल्लीच्या तोंडावरचा शिरस आडवा झालेला.

वडसावळी हे बाभूळगावच्या अलीकडचं गाव, आणि गावाच्या कडेला नोकरदार मंडळींनी पाडलेलं लेआऊट. वामनरावांच्या गल्लीत सहा घरं. गल्लीला तोंड एकच, दुसऱ्या टोकाला शेताची तार. त्या एकुलत्या एका तोंडात, या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत, दोन फूट जाडीचं खोड पसरलं होतं. माणूस वाकून, सरपटून, लाज सोडून पलीकडे जाऊ शकत होता. स्कूटर जाऊ शकत नव्हती. चारचाकीचं तर बोलायलाच नको.

आणि नेमकी चारचाकीच यायची होती. वामनरावांच्या पत्नी भागीरथाबाई यांचा उजवा गुडघा पाच दिवसांपूर्वी नागपूरला बदलला होता. त्या तिथंच लेकीकडे, अर्पिताकडे होत्या आणि अक्षय तृतीयेला घरी येणार होत्या. "पितरांची घागर म्या माह्या हातानं भरीन," असं त्यांनी ऑपरेशनच्या खोलीत जाताजाता बजावलं होतं, भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या साक्षीने. अक्षय तृतीया सतरा दिवसांवर होती. वॉकर धरून पंधरा पावलं टाकणारी बाई या खोडावरून कशी येणार?

वामनरावांनी लगेच फोन लावला. "काई घोर करू नको," ते म्हणाले. "आपल्याजवळ मशीन हाय. तू येशील तवा रस्ता आरशासारखा असंल."

"तुमी करान काय?" भागीरथाबाईंनी विचारलं.

हा प्रश्न वामनरावांना लागला. एकतीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात त्यांनी तालुक्याची जमीन मोजली होती. भावाभावांत कुऱ्हाडी निघाल्या तिथं त्यांनी साखळी टाकून शांतता केली होती. त्यांच्या टेपेबद्दल कोणी शंका घेतली नव्हती. एका खोडाची काय कथा?

मशीन म्हणजे गेल्या वर्षी यवतमाळच्या कृषी प्रदर्शनात घेतलेली, पेट्रोलवर चालणारी, लाकूड कापायची मशीन. मागे इंजीन, पुढे तलवारीसारखी सपाट पोलादी पट्टी, आणि त्या पट्टीच्या कडेच्या खाचेतून गरगर फिरणारी दातांची चेन. दुकानदार त्या पट्टीला बार म्हणतात. वामनरावांनी या मशीनने शेतातल्या दोन बाभळी पाडल्या होत्या, आणि तेव्हापासून ते तिच्याबद्दल घरातल्या माणसासारखं बोलत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तांड्यावरचा धावजी राठोड आला. धावजीचा जन्म लाकूड तोडण्यात गेलेला. त्याने खोडाला एक चक्कर मारली, वाकून खालून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, दोन मानसं आनतो. तीन दिवसांत मोकळं करून देतो."

वामनरावांनी त्याला ओसरीवरची मशीन दाखवली. "धावजी, जमाना बदलला."

धावजीने मशीन पाहिली, वामनरावांकडे पाहिलं, "बरं," म्हणाला आणि मेहुण्याकडच्या लग्नाला झरी जामणीकडे निघून गेला. पंधरा दिवसांसाठी. वामनरावांना पुढे अनेकदा त्या "बरं"ची आठवण येणार होती.

त्याच सकाळी साडेनऊला वामनरावांनी खोडाच्या बरोबर मध्यावर मशीन लावली. मध्य त्यांनी मोजून काढला होता. मशीन सहा इंच सुरेख आत गेली. मग दोन्ही टोकांवर टेकलेल्या त्या खोडाने मध्ये किंचित कंबर वाकवली, आणि पट्टी कापात गच्च धरली गेली. वामनरावांनी ओढली. शेजारचे बाबाराव भगत धावत आले, त्यांनीही ओढली. दोघांनी मिळून ओढली तेव्हा मशीन सुटली, पण पट्टी पुढून अशी वाकली होती की जणू ती कोपऱ्यावरून वळून पाहतेय.

"वेल्डिंगवाल्याकडून ठोकून घ्या," बाबाराव म्हणाले.

बाबाराव वीज मंडळातून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षं खांबावर चढलेला माणूस, त्यामुळे जगातल्या कुठल्याही गोष्टीकडे ते वरून पाहत. सल्ला देण्याचं त्यांचं मन फार मोठं होतं. वेल्डिंगवाल्याने ठोकली. आता ती दोन ठिकाणी वाकडी झाली.

नवी पट्टी आणण्याआधी सरळ मार्गाने काही होतं का ते पाहावं, म्हणून वामनराव खोडाखालून सरपटत ग्रामपंचायतीत गेले. तिथं अपेक्षा मॅडम नावाच्या नव्या ग्रामसेविका होत्या. मुलगी गुणी. तिने आधी पाणी दिलं, मग खुर्ची दिली आणि मग विचारलं, "काका, झाड तुमचं की पंचायतीचं?"

"म्हंजे?"

"तुमच्या प्लॉटमधलं असेल तर तुम्ही काढायचं. रस्त्यातलं असेल तर पंचायतीचं. नकाशा पाहू."

नकाशा निघाला. लेआऊटचा मूळ नकाशा, वीस वर्षांपूर्वीचा. त्यात शिरसाच्या जागी एक नीटस वर्तुळ होतं आणि शेजारी बारीक, देखण्या अक्षरात लिहिलं होतं: 'सदर वृक्ष भूखंड क्र. ४ च्या हद्दीपासून आठ इंच बाहेर, रस्त्याच्या जागेत.' खाली सही होती. वा. म. गावंडे, भूकरमापक.

"मग हे झाड सरकारी झालं," अपेक्षा मॅडम हळहळून म्हणाल्या. "याचं मूल्यांकन होईल, मग लिलाव."

"अन् तवरिक रस्ता?"

"तोवर तुम्ही कापू शकता काका. रस्ता अडलाय, मी नाही म्हणणार नाही. फक्त लाकूड जागेवरून हलवू नका."

वामनरावांनी मनात हिशेब केला. कापायचं, पण हलवायचं नाही. म्हणजे भागीरथाबाई एका खोडाऐवजी सहा तुकड्यांवरून येणार. त्यांचा चेहरा पाहून मॅडमना दया आली असावी. "कडेला लोटलं तर ते हलवलं धरणार नाही," त्या म्हणाल्या.

"जेसीबी लावली तं?"

"सिमेंट रस्त्याचं अंतिम मोजमाप बाकी आहे. त्याआधी ओरखडा पडला तर माझ्यावर येईल."

चिडावं असं वामनरावांना फार वाटलं. पण चिडता येईना. एकतीस वर्षं त्यांनी खुर्चीच्या त्या बाजूला बसून हीच वाक्यं, याच आवाजात, अशाच हळहळीने लोकांना ऐकवली होती. त्यांनी मॅडमना धन्यवाद दिले आणि पुन्हा खोडाखालून सरपटत घरी आले.

आता पट्टी. वामनरावांनी जुनी पट्टी खोलली, ओट्यावर ठेवली आणि टेप लावली. या टोकापासून त्या टोकापर्यंत साडेएकवीस इंच. वाकल्यामुळे अर्धा इंच खाल्ला असणार, म्हणजे बावीस. त्यांनी वहीत 'बावीस' लिहून खाली दोन रेघा मारल्या आणि एसटीने यवतमाळ गाठलं. स्कूटर गल्लीत कैद होती.

यवतमाळला मोटारपंप आणि शेतीच्या मशीनच्या सुट्या भागांचं फुलचंदजींचं दुकान. फुलचंदजी बोलायला गोड आणि हालायला मंद. "चेन आणली काय साहेब?" त्यांनी विचारलं.

"चेन कायले? माप हाय माह्याजवळ."

"मशीन कोन्ती?"

"बावीस इंची," वामनराव म्हणाले, आणि ते अशा आवाजात म्हणाले की फुलचंदजींनी पुढचा प्रश्न गिळला.

बावीस इंची पट्टी घरी आली. मशीनला बसली. सगळी गल्ली पाहायला उभी होती. आणि चेन चढवायला घेतली तेव्हा ती चार बोटं कमी पडली. वामनरावांनी ओढली, तेल लावलं, उन्हात तापवून पाहिली. चेन चार बोटं कमीच.

दुसऱ्या दिवशी पुन्हा यवतमाळ. फुलचंदजींनी जुनी पट्टी पाहिली. "साहेब, ही अठराची हाय."

"साडेएकवीस हाय. म्या सोता मोजली."

"ते बरोबर. पण बार मशीनच्या तोंडापासून मोजतेत. जेवढा बाहेर दिसते तेवढाच धराचा. आत खोसलेला धरत नाईत."

वामनराव बाकावर बसले. जमीन मोजताना घराखालची जमीन सोडून मोजली असती तर त्यांना निलंबित केलं असतं. विहिरीचं तोंडसुद्धा त्यांनी कधी वगळलं नव्हतं. आणि इथं जगभरचे कारखानदार साडेतीन इंच पोलाद आत खोसतात आणि नाही म्हणून सांगतात. हा कुठला न्याय? पण न्याय काहीही असो, यवतमाळच्या भर बाजारात, दोन गिऱ्हाइकांसमोर, वामनराव गावंडे यांचं माप चुकलं होतं. ते त्यांनी घरी कोणाला सांगितलं नाही. बाबारावांना म्हणाले, दुकानदाराने चुकीची दिली.

अठरा इंची पट्टी घ्यायची तर आता फुलचंदजी विचारू लागले, "गेज कोन्ता? पन्नास, अठ्ठावन का त्रेसष्ट?" गेज म्हणजे पट्टीच्या खाचेची रुंदी, जिच्यात चेनीचे पाय बसून पळतात. चेन घरी होती. वामनरावांनी बाबारावांना फोन लावला.

गेज हा शब्द ऐकताच बाबारावांचा आवाज उजळला. पस्तीस वर्षं ते तारांच्या गेजांत जगले होते. "हे मले विचारा," ते म्हणाले. "नंबर जितका मोठा, तितकी तार बारीक. चेन घट्ट बसाले पाह्यजे तं खाच बारीक घ्या. त्रेसष्ट घ्या. डोळे झाकून घ्या."

वामनरावांनी त्रेसष्ट घेतली. तारेत नंबर वाढला की जाडी कमी होते हे खरंच आहे. पट्टीत नंबर वाढला की खाच रुंद होते, हेही खरं आहे. ही दोन सत्यं एकमेकांना कधी भेटलेली नाहीत, आणि भेटली ती वामनरावांच्या ओट्यावर. चेन त्या रुंद खाचेत सैल पायजम्यासारखी कलंडली. तरी वामनरावांनी मशीन सुरू केली, कारण दिवस जात होते. कापाने सरळ सुरुवात केली, तीन इंचांवर डावीकडे झुकला, पाच इंचांवर जवळजवळ वळला आणि तिथं थांबला. खोडावर एक सुबक चंद्रकोर उमटली.

"आपल्या लायनीत असं होत नाई," बाबाराव कोर पाहत म्हणाले.

त्या दिवशी भागीरथाबाईंचा फोन आला. "आज गुडघा नव्वद वाकला," त्या म्हणाल्या.

"नव्वद चांगलं हाय," वामनराव म्हणाले. "इकडं गेज अठ्ठावन पाह्यजे होता."

"मले काल रडू आलं वाकवताना."

"अन् पिच पण पाहा लागते. चेनीचे दोन दात किती दूर हायत ते. पॉइंट तीनशे पंचवीस."

"काहो," भागीरथाबाई म्हणाल्या, "तुमी जेवले काय?"

वामनराव जेवले नव्हते. ते फोन ठेवल्यावर त्यांच्या लक्षात आलं. ती रडली होती, हेही फोन ठेवल्यावरच लक्षात आलं, आणि मग त्यांना इतकं वाईट वाटलं की पुन्हा फोन करायचाही धीर झाला नाही.

अर्पिताने मध्ये पडायचं ठरवलं. "बाबा, तुम्ही फिरू नका. मोबाईलवर मागवते." तिने लांबी, गेज, पिच सगळं विचारून घेतलं आणि 'सर्व मॉडेलला चालेल' अशी पट्टी मागवली. चार दिवसांनी कुरिअरवाल्याचा फोन आला की पत्त्यावर झाड पडलं आहे, पार्सल बाभूळगावला येऊन न्यावं. वामनराव गेले, आणलं, उघडलं. लांबी अठरा. गेज अठ्ठावन. पिच बरोबर. चेन लाडात बसली. वामनरावांच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं राहिलं. मग त्यांनी पट्टीचं शेपूट मशीनमध्ये सरकवलं, आणि तेल येण्याचं पट्टीवरचं भोक मशीनच्या भोकासमोर आलं नाही. पाव इंच खाली राहिलं. जगातल्या सर्व मॉडेलांत वामनरावांचं मॉडेल नव्हतं.

"पाव इंचानं काय होते," बाबाराव म्हणाले. पाव इंचाने असं झालं की पाच मिनिटांत पट्टी तापून निळी पडली, धूर निघाला आणि प्रभावतीबाईंनी, म्हणजे बाबारावांच्या पत्नीने, घरातून बादली आणली.

आता ओट्यावर चार पट्ट्या झाल्या होत्या. एक वाकडी, एक लांब, एक सैल आणि एक जळकी. वामनराव येताजाता त्यांच्याकडे पाहत नसत. अक्षय तृतीया तीन दिवसांवर आली होती. गल्लीतल्या लोकांना खोडाची सवय झाली होती. मंगळवारी भाजीवालीने त्याच्यावर टोपली मांडली. कोणीतरी कोरीव चंद्रकोरीला हळदकुंकू लावलं होतं, का ते कळायला मार्ग नव्हता.

फुलचंदजींनी फोनवर सांगितलं, "साहेब, आता मशीनच घेऊन या."

मशीन खोडावरून पलीकडे गेली, मग वामनराव खोडाखालून गेले. एसटीत कंडक्टरने दार धरलं. "हे काय हाय?"

"झाड कापाची मशीन."

"पेट्रोल हाय काय हिच्यात?"

पेट्रोल होतं. ते स्टँडच्या मागे रिकामं करावं लागलं. मग मशीन मांडीवर घेऊन वामनराव बसले. शेजारची बाई लेकराला घेऊन उठली आणि पार मागे जाऊन बसली. आयुष्यभर ज्यांना बसमध्ये लोकांनी जागा करून दिली, त्यांच्या भोवती आज तीन बाकं रिकामी झाली. यवतमाळपर्यंत वामनराव खिडकीबाहेर पाहत होते. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं. कापसाची वाळकी पऱ्हाटी होती.

फुलचंदजींनी मशीन पाहिली, आतून तीन पट्ट्या आणल्या आणि एकेक लावून दाखवली. तिन्ही बसल्या. तेलाचं भोक जुळलं, खाच जुळली, लांबी जुळली. "घ्या साहेब, कोन्ती देऊ?"

आणि इथं वामनराव खचले.

तिन्ही बसतात म्हटल्यावर निवडायची कोणती? पहिली साधी, तीन पत्रे एकावर एक दाबून केलेली, हलकी. दुसरी तशीच, पण पुढच्या नाकात छोटं दातेरी चाक, चेन सुळसुळ फिरावी म्हणून. तिसरी एकाच सलग पोलादाची, जड, नाक झिजलं तर नाकच बदलता येणारी. वामनरावांनी वही काढली, रकाने पाडले. चाकाची पट्टी भरभर कापते, पण चाकाला वंगण द्यावं लागतं. सलग पोलाद वाकत नाही, पण हाताला जड, आणि वामनरावांचा उजवा खांदा त्रेसष्टाव्या वर्षापासून बोलतो. साधी हलकी, पण जी वाकली ती साधीच होती. एकदा त्यांनी तिसरीकडे हात नेला आणि परत घेतला. चार चुका झालेल्या माणसाला पाचवी चूक दिसते सगळीकडे. फुलचंदजी जेवायला गेले, जेवून आले, दात कोरून झाले. वामनराव तिथंच उभे होते.

शेवटी त्यांनी नागपूरला फोन लावला. का लावला ते त्यांनाही कळलं नाही. भागीरथाबाईंना त्यांनी तिन्ही पट्ट्या समजावून सांगितल्या, नाकासकट, वजनासकट. बोलता बोलता त्यांचा आवाज जरा फाटला. "मले समजूनच नाई राह्यलं," ते म्हणाले. "तिन्ही बरोबर हायत, अन् म्या घेतली का ते चुकते."

भागीरथाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "ऑपरेशनच्या आधी डॉक्टरनं मले तीन गुडघे दाखवले होते," त्या म्हणाल्या. "असा हाय, तसा हाय, याचं नाव हे. म्या म्हटलं, ज्याच्यानं चालता येते तो टाका."

वामनरावांनी वही मिटली. "साधी द्या," ते म्हणाले.

फुलचंदजींनी पट्टी कागदात गुंडाळली. "पहिल्या दिवशीच मशीन आणली असती तं," असं ते म्हणणार होते. पण त्यांनी वामनरावांचा चेहरा पाहिला आणि चहा मागवला.

अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी वामनराव खोडापाशी उभे राहिले. अर्पिताची गाडी उद्या सकाळी येणार होती. एक दिवस हातात होता. मशीनने पहिल्या झटक्यात आवाज दिला. चेन फिरली. वामनरावांनी ती खोडावर टेकवली, आणि खोडाला काहीच झालं नाही. दहा मिनिटं चेन लाकडावर नुसती घासत राहिली, धूर झाला, भुसा मात्र चिमूटभर नाही.

बाबाराव जवळ आले, वाकून चेनीकडे पाहिलं. "करंट उलटा हाय," ते म्हणाले.

"काय?"

"दात मागं पाहून राह्यले. चेन उलटी घातली तुमी."

सतरा दिवसांत बाबारावांनी दिलेला हा पहिला बरोबर सल्ला, आणि तो त्यांनी इतक्या हळू आवाजात दिला की त्याचंच वामनरावांना नवल वाटलं. चेन उलटवली. मशीन पुन्हा लावली. आणि मग, काय सांगावं, ती अठरा इंची साधी पट्टी शिरसाच्या खोडात अशी शिरली की जणू खोड तिचीच वाट पाहत होतं. तपकिरी भुसा वामनरावांच्या चपलांवर, पायांवर, विजारीवर पडू लागला. काप सरळ होता. ओळंबा लावून पाहिला असता तरी सरळ निघाला असता. चार इंच, सात, दहा, चौदा. वामनरावांना गेल्या सतरा दिवसांत पहिल्यांदा आपण कोणीतरी आहोत असं वाटलं. गल्लीतली माणसं काही म्हणत होती, ती त्यांना ऐकू येत नव्हती. मशीनचा आवाज होता आणि त्यांना दुसरं काही नको होतं.

पंधराव्या इंचाला खोडाने कंबर वाकवली.

पट्टी गच्च धरली गेली. इंजीन गुरगुरलं आणि बंद पडलं. वामनरावांनी दोन्ही हातांनी मूठ धरली, पण ओढली नाही. ओढल्याने काय होतं ते त्यांना माहीत होतं. ते नुसते धरून उभे राहिले.

खोडाच्या पलीकडे कोणीतरी उभं होतं. धावजी. लग्नाहून आलेला, पायांत नवी चप्पल. त्याने कापात डोकावून पाहिलं.

"कापता कापता वरून पाचर ठोका लागते साहेब," तो म्हणाला. "काप मिटत नाई मंग. लाकडाची पाचर. चार बोटांची."

"हे तू तवाच काहून नाई सांगितलं?"

"तुमी म्हटलं जमाना बदलला," धावजी म्हणाला. त्याच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. त्याने खरंच तसं मानलं होतं.

वामनराव खोडावर बसले. मशीन शेजारी, पट्टी लाकडात. उद्या सकाळी नागपूरहून निघायचं म्हणजे आजच फोन करून सांगायला हवं होतं, की येऊ नका. अक्षय तृतीया तिकडंच करा. घागर तिकडंच भरा. हे वाक्य कसं जुळवावं ते त्यांना सुचेना. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, भुशाने माखलेली काच पुसली आणि तो तसाच हातात धरला.

"काहो," मागून आवाज आला. "किती वेळचे बसले उन्हात. पानी घ्या."

वामनरावांनी वळून पाहिलं. गल्लीच्या आतल्या बाजूने, त्यांच्याच घराच्या फाटकातून, वॉकर धरून भागीरथाबाई येत होत्या. मागे तांब्या घेऊन अर्पिता. तिच्याही मागे प्रभावतीबाई, पदराने तोंड झाकून हसू दाबत.

वामनरावांना आधी वाटलं, ऊन लागलं.

"तू कोठून आली?"

"मागून," भागीरथाबाई म्हणाल्या. "काल प्रभावतीले फोन केला. ती अतुलजवळ गेली. मागचं शेत त्याचंच हाय ना. तूर निघून रान रिकामं पडलं हाय. त्यानं तारेचे चार पदर सोडले, गाडी पांदणीनं आली. कवाचीच आली. घागर पण आणून ठेवली."

"मले सांगाचं तं."

"दोनदा फोन केला. एकदा तुमी फुलचंदासंगं बोलून राह्यले होते. दुसऱ्यांदा पण."

बाबाराव खाली पाहत होते. त्यांनाही कोणी सांगितलं नव्हतं. गल्लीच्या दुसऱ्या टोकाची तार दोघांनी सतरा दिवस रोज पाहिली होती. एकाने ती हद्द म्हणून पाहिली, दुसऱ्याने तार म्हणून.

वामनरावांना रागवायचं होतं. सतरा दिवसांचं सगळं एकदम बाहेर काढायचं होतं, ग्रामपंचायत, एसटी, पाव इंच, सगळं. पण भागीरथाबाई चालत होत्या. वॉकर पुढे, मग उजवा पाय, मग डावा. दोन वर्षांत त्यांनी बायकोला सरळ चालताना पाहिलं नव्हतं. ती भिंत धरून, एका बाजूला कलत, ओठ दाबून चाले, आणि तेच तिचं चालणं आहे असं त्यांनी मनात मानून टाकलं होतं. आता उजवा गुडघा वाकत होता आणि सुटत होता. वाकत होता आणि सुटत होता. वामनराव पाहत राहिले. नागपूरला तो गुडघा रडत रडत नव्वद वाकला तेव्हा ते इथं होते, चंद्रकोर काढत.

त्या येऊन खोडावर त्यांच्या शेजारी बसल्या. खोड उंच होतं, त्यांना बसायला त्रास झाला नाही. अर्पिताने तांब्या दिला. वामनराव पाणी प्यायले, सगळा तांब्या प्यायले.

भागीरथाबाईंनी लाकडात रुतलेली मशीन पाहिली, सरळ, सुंदर काप पाहिला आणि त्याच्यावरून हात फिरवला. "बरा कापला हो," त्या म्हणाल्या.

गेल्या सतरा दिवसांत त्यांच्या कामाबद्दल कोणी बोललेलं हे पहिलं चांगलं वाक्य होतं. "साधी पट्टी हाय," ते कसेबसे म्हणाले. "तू म्हटली ते."

पलीकडे धावजी खाली बसून, बोलण्याकडे लक्ष न देता, एका फांदीच्या तुकड्याला कुऱ्हाडीने निमुळतं टोक काढत होता.

"डॉक्टर म्हणते हा गुडघा एकदम मस्त बसला," भागीरथाबाई म्हणाल्या. "दुसरा दिवाळीनंतर बदलू."

वामनरावांनी खोडाकडे पाहिलं. दोन फूट जाडी, कुंपणापासून कुंपणापर्यंत, पंधरा इंच कापलेलं, मूल्यांकन आणि लिलाव बाकी. मग त्यांनी मनातल्या मनात महिने मोजले, एकदा पुढून आणि एकदा मागून, आणि दोन्ही वेळा वेगवेगळे आले.

"दिवाळीनंतर," ते म्हणाले. "तवरिक निघंल."